नुसतं ऐकणारं यंत्र

वाळवंटाकडून वारा सुटला होता. भरदुपारी काळोख, दातांखाली रेती. अशा हवेत माझी सून सलवा गच्चीवर तांब्याची तार बांधत होती. मी खालून बोंबललो, "उतर! पडलीस तर तुला कोण उचलणार, मी?"

थोरला लझहर ऑक्टोपसची मडकी उचलायला गेला तो तीन दिवस परतलाच नव्हता. दोरीला मडकी बांधून आम्ही समुद्रात सोडतो. ते येडं जनावर आपल्या पायांनी आत जाऊन बसतं. लझहरच्या बोटीवर वायरलेस होता. तो घरी ऐकू यावा म्हणून सलवाचा हा खटाटोप. अंगठ्याएवढी कांडी, मुळात टीव्ही पकडायला बनवलेली, ती तळहाताएवढ्या कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचलेली. आधी कॉम्प्युटर कांडीला टीव्हीच समजून बसला. तिनं तो टीव्हीचा प्रोग्राम बंद केला, तेव्हा कुठे पडद्यावर निळ्या रेघा झरायला लागल्या.

"आता बोल नवऱ्याशी," मी म्हटलं.

"बाबा, ह्यात बोलता येत नाही. हे नुसतं ऐकतं."

"नुसतं ऐकणारं? ह्या घरात पहिलंच."

निळ्यात एक पिवळी रेघ उमटली. खरखर झाली. मग लझहरचा आवाज.

"बाबा... दीपस्तंभाच्या पूर्वेला आहे... या..."

सलवानं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. धाकटा मन्सूर बूट चढवून उभासुद्धा राहिला.

"पश्चिमेला जातो."

"पूर्वेला म्हणाले ना ते!"

"वहिनी, आमच्यात वायरलेसवर खरी दिशा कोण सांगतं? सांगितली तर सगळं बंदर आमच्या मडक्यांवर तुटून पडेल. पूर्व म्हणाला म्हणजे पश्चिमच."

"मरायला टेकलेला माणूसही खोटंच बोलेल?"

"आमच्या घरातला बोलेल," मी म्हणालो. मन्सूर स्वतःची बोट घेऊन गेला. तिच्यावरही वायरलेस होता.

धूळ आणखी दाटली. दारावर थाप पडली. शेजारचा महफूद आणि त्याचे खलाशी ताडपत्रीत काहीतरी घेऊन उभे होते. वास आधी आत आला.

"हाजी, धीर धरा. लझहर आमच्या जाळ्यात आला. दीपस्तंभाच्या पूर्वेला." महफूदनं मान खाली घातली. "गेला त्याच दिवशी बुडाला असेल हो. अंग बघा."

चटईवर ठेवला. वर चादर घातली. सलवा रडली नाही. ती पडद्याकडे बघत होती. पिवळी रेघ परत उमटली होती.

"बाबा, दिसला!" मन्सूरचा आवाज. "उभा आहे बोटीत, हात करतोय गाढव!"

त्याच्यामागून दुसरा आवाज, शांत. "ये, मन्सूर... अजून जवळ ये..."

चटईवरची चादर हलली नव्हती.

"मन्सूर, मागे फिर!" मी त्या कांडीवर ओरडलो. "तो इथं आहे रे! इथं मेलेला पडलाय!"

"बाबा... त्यात जात नाही आवाज," सलवा म्हणाली.

महफूद बंदरावरच्या वायरलेसकडे धावला. बंदर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. इकडे मन्सूर हसत होता.

"दे हात... धरला! बाबा, धरला त्याला! बर्फ झालाय हो हात..."

मग नुसत्या निळ्या रेघा.

मन्सूर आला नाही. त्याची बोटही नाही.

संध्याकाळी लझहरला आंघोळ घालायला मी चादर काढली. सगळा देह गार, फुगलेला. उजवा हात उचलला आणि तसाच सोडला. परत धरून पाहिला. सलवाला धरायला लावला.

हात गरम होता. घामेजलेला. कबरीत उतरवेपर्यंत तसाच.