कापाल की कापान?

सेमारांग या आमच्या बंदराच्या गावी, जुन्या बाजारात समुद्राचं पाणी शिरलं की दुकानदार माल वर उचलतात आणि गिऱ्हाइकं बाकांवर चढतात. त्या दुपारी कॅसेटवाल्याच्या एकाच बाकावर आम्ही दोघं उभे होतो... आणि एकाच कॅसेटवर दोघांचेही हात होते.

"सोडा ना, म्बाक," अनोळखी मुलीला आदरानं म्हणतात तसं तो म्हणाला. "या गाण्याची माझी ही अकरावी कॅसेट आहे."

"माझी चोविसावी. आणि मला कामासाठी हवी आहे, हौसेसाठी नाही."

"हौस कसली? हेच गाणं वाजवून पोट भरतो मी."

त्याचं नाव सेनो. लग्नांमध्ये वाजवणाऱ्या एका वाद्यवृंदात तो छोटी गिटार वाजवायचा. मी वेनिंग, रेडिओवर निवेदिका. गाणं होतं 'कापाल तिबा', म्हणजे 'जहाज आलं'. साठ वर्षांत ते गायलं नाही असं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या सगळ्या अवतारांवर मी एक खास कार्यक्रम करत होते. कॅसेट शेवटी मी घेतली. ती ऐकायला तो रेडिओ केंद्रावर आला, आणि मग येतच राहिला.

येताना रोज नवा खजिना आणायचा. कधी ढोलकीच्या ठेक्यावरचं 'कापाल तिबा', कधी एका दातांच्या डॉक्टरांनी हौसेनं गायलेलं, कधी शाळेच्या बँडचं, त्यात बिगुलवाला शेवटपर्यंत एका सुरानं मागेच. आमच्या गावात नवरदेवाची वरात दारात आली की हेच गाणं लावतात. आम्ही हसायचो, भांडायचो, आणि चहा गार व्हायचा. हसला की तो आधी खाली बघायचा... मी ते बघत बसायचे.

मग एकदा सहज म्हणाला, की त्याला प्रवासी जहाजावर वाजवायचं काम मिळालंय. पुढच्या गुरुवारी निघायचं. आठ-नऊ महिने.

"छान," मी म्हणाले. काय छान होतं त्यात, देव जाणे. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा बातम्यांत हवामान चुकीचं वाचलं.

शनिवारी आम्ही बुदे सुमार्नींकडे गेलो. साठ वर्षांपूर्वी हे गाणं पहिल्यांदा गायल्या त्या याच. बुदे म्हणजे आमच्याकडे थोरली मावशी; सगळं गाव त्यांना तेच म्हणतं. त्यांनी आम्हाला बसवलं, तळलेली केळी पुढे केली, दोघांकडे एकदा नीट पाहिलं आणि विचारलं, "कापान?"

कापान म्हणजे केव्हा. बिनलग्नाच्या माणसाला 'लग्न कधी' विचारायला आमच्याकडे एवढाच शब्द पुरतो. सेनो केळं बघू लागला, मी खिडकी.

बुदे मात्र खुदकन हसल्या. म्हणाल्या, माझं गाणंही तेच होतं बरं का. 'कापान तिबा'. केव्हा येशील? छापखान्यात शेवटचं अक्षर चुकलं, तबकडीच्या वेष्टनावर 'कापाल' छापलं गेलं, आणि ते वाचून लोकांना तेच ऐकू येऊ लागलं. विरहाच्या गाण्यावर गाव नाचायला लागलं. पुढे बुदेही तसंच गाऊ लागल्या.

"आणि तुम्ही वाट कुणाची बघत होता?" मी विचारलं.

"होता एक. त्याला विचारलंच नाही कधी. वाटलं, गाण्यातून कळेल." त्यांनी जुनी तबकडी माझ्या हातात ठेवली. "त्यानंही वेष्टनच वाचलं असणार."

आम्ही रस्त्यावर आलो. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. आमच्या स्कूटरांपाशी थांबून मी म्हणाले, "सेनो... कापान?"

तो कानापर्यंत लाल झाला. बोट किल्लीशी चाळा करत राहिलं. मग म्हणाला — "कापान-कापान."

म्हणजे बघू कधीतरी. दार गोड बोलून लावायची आमची ही रीत. मी हेल्मेट घातलं आणि निघाले. घरापर्यंत रडले, मग स्वतःवरच चिडले. चार दिवस त्याचा फोन नाही, माझाही नाही.

बुधवारी संध्याकाळी कार्यक्रम झाला. डॉक्टर गायले, शाळेचा बिगुल मागे राहिला, आणि शेवटी बुदेंचा कोवळा आवाज आला, स्वच्छ 'कापान' म्हणणारा. एवढी वर्षं कुणाला कसा ऐकू आला नसेल? मग श्रोत्यांचे फोन घेतले. लोक आपापल्या माणसांना सलाम पाठवतात, तशी आमची प्रथाच आहे.

"हॅलो, कुणाला सलाम द्यायचाय?"

"निवेदिकेला." सेनोचा आवाज. माझा हात बटणावरच राहिला. "त्या दिवशी माझ्याकडे परतायची तारीखच नव्हती, वेनिंग. खोटी कशी सांगू? चार दिवस जहाज कंपनीच्या मागे लागलो, आत्ता लेखी मिळाली. चौदा मार्चला मी बंदरावर उतरतो..." तो थांबला. मागे कुणीतरी, बहुधा त्याची आई, 'सांग, सांग' म्हणत होतं. "आणि पंधराला आई-बाबांना घेऊन तुझ्या घरी येतो. चालेल?"

काचेपलीकडून साहेब हातवारे करत होते, काहीतरी बोल म्हणून. रेडिओवर शांतता म्हणजे गुन्हा. मला मात्र मधले सगळे महिने एकदम दिसले, आणि त्यांच्या टोकाला तो आणखी एक दिवस. तो काही केल्या सोसवेना.

"पंधराला कशाला?" मी म्हणाले, आणि ते सगळ्या सेमारांगनं ऐकलं. "चौदालाच या."