एका रेघेवर

“‘फुकट मिळणार नाही’ हे तुमचंच ना?”

परक्या देशातल्या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये मराठी ऐकून मी दचकले. समोर एक उंच माणूस, हातात फोन. ते नाव माझ्या हॉटस्पॉटचं, मीच देवनागरीत ठेवलेलं.

“माझंच. आणि खरंच मिळणार नाही.”

“मागितलंय कुणी? नाव वाचून माणूस बघावासा वाटला, इतकंच.”

माझे डोळे लॅपटॉपवर होते. नदीच्या पाण्याच्या चार महिन्यांच्या नोंदी बारापर्यंत संस्थेत पोचल्या नाहीत, तर इथलं संशोधनाचं पुढचं वर्ष दुसऱ्या कुणाला मिळणार होतं. अकरा छत्तीस. अपलोड एकोणीस टक्के. मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून.

“खिडकीपाशी रेंज बरी आहे. धरू?”

त्यानं माझ्या हॉटस्पॉटची इवलीशी डबी काचेला टेकवून धरली. वेग दुप्पट झाला.

“हात दुखेल.”

“पूल बांधतो मी. भार पेलायची सवय आहे... तुम्ही नेहमी अशाच रागावलेल्या असता?”

“फक्त बारापर्यंत.”

“अरेरे. माझी गाडी अकरा अठ्ठावन्नची!”

मला हसू आलं. ते लपवायला मी उगाच वायर नीट केली.

गाडीची घोषणा झाली. तो बॅग उचलून धावला. मी पडद्याकडे पाहिलं. सिग्नलच्या चार रेघा... तीन... दोन. खिडकीपाशी डबी नव्हती.

“ओ पूलवाले!”

लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली, वायर भिंतीत. जागची हलले असते तर सगळंच संपलं असतं.

एक रेघ. चौऱ्याण्णव टक्के.

आई म्हणते, मी नदीसारखी माणसांनाही मोजपट्टी लावते. आज ती पट्टी समोरच होती, पडद्यावरच्या रेघांची. तो किती लांब गेला, ते मला दिसत होतं. आणि छातीत जे तुटत होतं, ते फक्त नोंदींसाठी नव्हतं.

एक... एकच...

दोन.

तीन. चार. दार ढकलून तो आत आला. धापा टाकत, डबी डोक्यावर धरून.

“चढलो होतो... खिसा गरम लागला.”

बाहेर गाडी सुटत होती. अकरा एकोणसाठ. शंभर टक्के.

“पुढची कधी?” मी विचारलं.

“पाचला. तुमची?”

“बारा वीस.”

त्यानं माझी बॅग उचलली. “चला, पोचवतो.”

“खाली ठेवा ती.”

“गाडी चुकेल तुमची.”

“चुकू दे... पाचपर्यंत एकटे काय करणार तुम्ही?”

तो हसला नाही. बॅग अलगद खाली ठेवली, आणि शेजारची खुर्ची थोडी जवळ ओढली.