कुंडीवरचं पोतं कोण नेतं?

"खोटारडी! पाणी मारलंच नाहीस तू!" बद्रीनाथकाका ओरडले.

आठ दिवसांपूर्वी साच्यातून काढलेली सिमेंटची भलीमोठी कुंडी भुसभुशीत झाली होती. तनुजानं काठाला नख लावलं, तर खपलीच निघाली!

"मारलं! रोज तीनदा मारलं!" शेजारची युसरा तडकली. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या तिच्या अम्मीनं, फहमिदानं, सगळं ऐकलं.

"उद्यापासून हिनं परसात यायचं नाही. काल साच्यातून काढलेली दुसरी कुंडी तरी वाचेल!" काकांनी बजावलं.

तनुजाचे हे काका वाळूजच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला होते. सुट्टीभरात त्यांनी एक घमेलं उचललं नव्हतं; सल्ले मात्र सतरा दिले होते.

ते आत जाताच युसराचा भाऊ साकिब उसळला. "आमचे अब्बा गवंडी! साचा करायला त्यांनीच शिकवलं. आठ दिवस ओलं पोतं गुंडाळलं की कुंडी दगड होते. ते उगाच नाय सांगत!"

"पण बाराला भिजवलेलं पोतं चारला कोरडंठाक असतं," तनुजा म्हणाली. "तेही पत्र्याच्या सावलीत! आणि पोत्याची गाठही मी मारलेली नसते."

"म्हणजे दुपारी आपण घरात असताना कुणीतरी ते नेतं!" युसरानं दात-ओठ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बाराला साकिबनं बादलीत कपड्यांची नीळ ओतली. अख्खी बाटली! त्या पाण्यानं दुसऱ्या कुंडीवरचं पोतं चिंब केलं.

अडीचला कामावर निघालेले काका फटफटीवरून उतरून फाटक उघडायला गेले आणि तनुजा किंचाळली, "आई! काकांची पँट बघ!"

मागून पँट निळीशार! सीटही निळी!

"अहो वहिनी, सीट लई तापते," काका चाचरले. "घटकाभर पोतं टाकतो, जाताना परत ठेवतो..."

"गाडी चिंचेखाली लावायला काय झालं?" तनुजाची आई, आशाबाई, कडाडल्या.

"चिंच लांब पडते."

"वीस पावलं?"

साकिब खो खो हसला. युसरा हसली नाही. ती कुंपण ओलांडून समोर आली.

"बरं बाई, चुकलं माझं!" काका म्हणाले.

"मला नका सांगू. अम्मीसमोर खोटारडी म्हणालात, तिलाच सांगा!"

काका कुंपणाशी गेले. "भाभी, पोरगी खरं बोलत होती. पोतं मीच नेत होतो."

"शाब्बास रे पोरांनो!" आशाबाई म्हणाल्या. "आणि भावजी, आता दुसऱ्या कुंडीला पाणी तुम्ही मारायचं."

"नको काकू!" युसरानं कुंडीवरचं पोतं घट्ट धरलं. "ती कुंडी मला धड हवीय!"