फ्लोरिओसचं मरणाचं सोंग

ईस्टरचे उपवास सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी ग्रीसमधल्या आमच्या अपेरांथोस गावात सोंगं निघतात. घोंगडीची खोळ तोंडावर ओढायची, कमरेला बकऱ्यांच्या घंटा बांधायच्या आणि चौकात उड्या मारायच्या. मधोमध एक म्हातारा मरतो, आम्ही घंटा बडवतो, तो उठतो. मग दारू.

त्या वर्षी म्हातारा झाला फ्लोरिओस. केस जन्मापासून मेंढीच्या लोकरीसारखे, तळहात चामड्यासारखे जाड. आमच्या नाक्सोस बेटावर असे केस नि तळहात असलेल्या घराण्यांत काळजाचं दुखणंही चालत येतं. बाप नांगरताना गेला, भाऊ लग्नात नाचताना. दोघेही तोवर ठणठणीत. डॉक्टरांनी फ्लोरिओसचं धावणं-नाचणं बंद केलं होतं. पण सोंगाशिवाय गडी राहतोय कुठला!

"सिडेरिसकाका, त्याला मेलेला करा," त्याची बायको मारूसो मला म्हणाली. "आडवा असेल तेवढा वेळ तरी माझ्या जिवाला घोर नाही."

आडवा झाला. खोटा पाद्री त्याच्यावर शेणाचा धूर फिरवू लागला. बायकोचं सोंग घेतलेल्या मिशाळ लेफ्टेरिसने घागरा सावरत ऊर बडवला, "गेला गं बाई माझा धनी! आता बकऱ्यांची धार कोण काढणार?"

"तूच काढ! दूध गाळायला मिशा आहेतच!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

आम्ही घंटा बडवल्या. फ्लोरिओस उठेना.

"बेरकी आहे लेकाचा. दारूचा वास द्या!"

मारूसो पुढे आली. तिने त्याच्या सदऱ्यात हात घातला आणि हात तिथेच राहिला. मी वाकलो. फ्लोरिओसच्या उघड्या डोळ्यावर राखेचा कण पडला होता. पापणी हलत नव्हती.

"मारूसो, पोरी..."

"वाजवा, काका."

"अगं, पण..."

"थांबलात तर बघा!"

वाजवलं. लोकांचं हसू विझलं, तरी वाजवलं. कंबर सोलून निघाली.

पापणी मिटली.

फ्लोरिओस उठला.

माझ्या निम्म्या गोष्टींना गाव थापा म्हणतं. या गोष्टीला काहीच म्हणत नाही.

दारू प्याला, पण बसला नाही. तेव्हापासून बसतच नाही. चौकातून गिरणीपर्यंत, गिरणीपासून चौकात. भाकरी खातो तीही चालता चालता. झोपेबद्दल मारूसो बोलत नाही.

ईस्टरनंतर बंदरावरून नवा डॉक्टर आला. मारूसोच्या स्वयंपाकघरात त्याने फ्लोरिओसच्या छातीला नळी लावली. छाती ऐकली. पाठ ऐकली. पुन्हा छाती. फ्लोरिओस उभ्या जागी पाय बदलत होता.

"कसं आहे हो?" मारूसोने विचारलं.

डॉक्टरने स्वतःच्या सदऱ्याची गुंडी काढली, नळी स्वतःच्या छातीला टेकवली आणि ऐकत राहिला.

"नळी बिघडलेली नाही," तो अगदी हळू म्हणाला.