एका वितीची चोरी

“खो!”

पाठीवर थाप पडताच जिजा चौकोनातून उठली ती सुटलीच! पुढे पळणारी मुलगी खांबाला वळसा घालायच्या बेतात होती. आता जिजा सूर मारणार, डाव्या हाताने खांब धरून सगळं अंग हवेत झोकणार आणि उजव्या हाताने तिला टिपणार. गेली दोन वर्षं हे असंच होत आलं होतं.

धप्प!

हात पुढे यायच्या आधीच खांब आला. जिजाचा खांदा त्यावर सणसणीत आपटला आणि ती मातीत बसकण मारून बसली.

“परत?” मुलांच्या संघातला केविन रेषा मारायच्या फक्कीची बादली खाली ठेवत ओरडला. “जिजा, खांबाशी भांडण झालंय का तुझं?”

“तू जाऊन मिटव ना मग!” जिजा खांदा चोळत म्हणाली. पण आवाजात नेहमीचा तिखटपणा नव्हता.

लुईस सरांनी शिट्टी वाजवली. सर शाळेत खेळ शिकवायचे आणि मे महिन्याच्या सुट्टीतही सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर असायचे. वसईतल्या अर्ध्या घरांत त्यांच्या हाताखाली खेळलेलं कुणी ना कुणी होतं. त्यामुळे त्यांच्यापुढे नगरसेवकसुद्धा जरा सरळ उभे राहायचे.

“जिजा, कालही हेच. आजही हेच.”

“सर, काहीतरी वेगळं लागतंय...”

“खेळात ‘काहीतरी’ नसतं! लग्नाच्या पंगती झोडून आलीस, अंग जड झालंय. संपदा, तू ये. तू मार सूर.”

बाकावर बसलेली संपदा दचकून उठली. ती राखीव खेळाडू. गेल्या वर्षी साताऱ्याहून एव्हरशाईन सिटीतल्या सहाव्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा पहिला महिनाभर तिला नावाने हाक मारणारा माणूस म्हणजे फक्त वॉचमन. समोरच्या फ्लॅटचं दार उघडायचं तेही दूध घेण्यापुरतं. मग शाळेत लुईस सरांनी तिला खो-खोच्या चौकोनात बसवलं. मागून कुणीतरी पाठीवर दणकन थाप मारली आणि कानात ओरडलं, “खो!” ती जिजा. तीच दोघींची ओळख. तेव्हापासून संपदाला वसई परकी वाटली नाही.

ती धावली, डोळे मिटल्यासारखं करून तिने अंग झोकलं, आणि हातात चक्क खांब आला! दुसरा हात पळणाऱ्या मुलीच्या पाठीला लागला.

टाळ्याच टाळ्या! संपदाला स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

“बघा!” सर म्हणाले. “रविवारच्या अंतिम सामन्यात खांबाला संपदा. जिजा, तू राखीव.”

सराव संपल्यावर जिजा नळावर तोंड धूत राहिली. तोंड कधीच धुऊन झालं होतं, तरी ती धूतच होती.

“चुकून लागला गं माझा हात,” संपदा म्हणाली.

“चुकून कशाला? छान मारलास.” जिजाने ओढणीत तोंड पुसलं. “माझं कठीण आहे आता. बाबांनी सांगितलंय, नऊजणींत असशील तर खेळ. बाकावर बसायला चांदीपहून पहिली बस पकडायची असेल, तर घरीच बस. जूनपासून खेळ बंद.”

“असं कसं? समजावू ना आपण!”

“माझा खेळ कधी सुटतोय, याची आत्या घरात नुसती वाट बघत बसलीये. आणि माझं एकटीचं नाही. गावातल्या तिघीजणी मला बघून शाळेच्या संघात यायचं म्हणत होत्या. मीच थांबले, तर त्यांना कोण सोडतंय?”

घरी आल्यावर संपदाची आणखीच पंचाईत झाली.

“अंतिम सामन्यात? खांबाला?” बाबांनी मोबाईल बाजूला ठेवला. हे फार क्वचित घडायचं. “रविवारी ड्युटी आहे, पण मी रजा टाकतो! आजवर तुझा एक सामना बघितला नाही मी.”

आईने आमरसाची वाटी पुढे सरकवली. संपदा चमचा फिरवत राहिली. तिला सारखा तो खांब दिसत होता. वर्षभर तिची बोटं खांबाच्या अलीकडे पडायची. दर वेळी बरोबर एक वीत! केविन तर तिला ‘एक वीत कमी’ म्हणूनच चिडवायचा. मग आज एकदम कशी पोचली? रात्रीत हात लांब होतात का? आणि जिजा? तिचा तर हात बाहेर यायच्या आत खांब येत होता.

चमचा वाटीतच थांबला. संपदाच्या सगळं लक्षात आलं. आणि गप्प बसलं तर काय होईल, तेही आलं. बाबा टाळ्या वाजवतील, सर कौतुक करतील, कुणालाच काही कळणार नाही.

आमरस तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी तिने जिजाला आणि केविनला खांबापाशी ओढत नेलं.

“मला नेहमी एक वीत कमी पडायची, हो की नाही? आणि आता जिजाला एक वीत जास्त होतेय. म्हणजे काय?”

“म्हणजे तुम्हा दोघींना ऊन लागलंय,” केविन म्हणाला.

“खांब सरकलाय!”

“याला काय पाय फुटले? काही पण हां, संपदा!”

पण जिजाचे डोळे चमकले. “मी बोलत होते ना, काहीतरी वेगळं लागतंय! मी डोळे झाकून पळाले तरी मला कळतं खांब कुठे आहे. बाकीच्या जणी नुसत्या वळसा घालून जातात, त्यांना कसं कळणार?”

“पण रेषा मी मारल्या ना! गाठींच्या दोरीने, या खांबापासून त्या खांबापर्यंत...” आणि केविन एकाएकी कान खाजवायला लागला.

“केविन?”

“दोरी थोडी उरली होती, यार.”

“मग?”

“मग काय! मला वाटलं, सैल झालीये. खांबाला एक वेढा जास्त मारला आणि रेषा ओढल्या.”

“एक वेढा!” दोघी एकदम ओरडल्या. जिजाने हाताने मोजून बघितलं. खांबाभोवतीचा एक वेढा म्हणजे एक वीत आणि वर एखादं बोट!

तिघांनी बुडाशी माती उकरली. वरची माती पाण्याने बसलेली होती, आतली मात्र भुसभुशीत. त्या मातीत झेंडूच्या चुरगळलेल्या पाकळ्या होत्या आणि खांबाच्या बुडाला, एरवी जमिनीत गाडलेल्या भागावर, पिवळेधमक हात उमटले होते. जिजाने वास घेतला.

“हळद!”

“खुशीताईची हळद!” केविनने कपाळावर हात मारला.

खुशीताई म्हणजे मैदानाशेजारच्या गावातल्या हितेशदादाची बहीण. मैदानाच्या फाटकाची किल्ली असायची हितेशदादाकडे. गेल्या रविवारी तिची हळद होती. सरांनी फाटकाजवळचा कोपरा वापरायला दिला होता. तेवढाच! पण आमच्या वसईची हळद कधी कोपऱ्यात मावली आहे? डीजे लागला की आजीसुद्धा काठी टाकून मैदानभर नाचते. सर त्या दिवशी पाहुण्यांकडे गेले होते. नाचणाऱ्यांना खांब मध्ये आला असणार!

“चला, सरांना सांगू!”

“नको,” जिजा म्हणाली. “पाकळ्या वाऱ्यानेही येतात, म्हणतील. सबब सांगितली की सर आणखी चिडतात. हितेशदादानेच कबूल करायला पाहिजे.”

“तो कसला करतोय! आणि एक मिनिट, संपदा...” केविनने आवाज खाली आणला. “खांब जागेवर गेला, तर तू बाकावर जाणार, बॉस. कळतंय ना?”

जिजाने चमकून मैत्रिणीकडे बघितलं. हा विचार तिच्या मनातही आला नव्हता.

“कळतंय,” संपदा म्हणाली. “आता बडबड पुरे. हितेशदादाला कशाचा गर्व आहे, सांगा बघू!”

“दंडांचा!” केविन फटकन म्हणाला. आणि तिघंही हसायला लागली.

हितेशदादा मैदानावर पाणी मारायला पाईप घेऊन आला, तेव्हा नेहमीप्रमाणे त्याच्या बनियनला बाह्या नव्हत्या. केविन खांबाला मिठी मारून तो हलवायचं नाटक करत होता. संपदाचं लक्ष मात्र रस्त्याच्या वळणाकडे होतं. लुईस सरांची जुनी स्कूटर वळणावर दिसली, तिने मान हलवली, आणि जिजाने सुरुवात केली.

“सोड रे केविन! हा खांब उपटणं माणसाचं काम नाही. जेसीबीच लागेल.”

“सहा माणसं तरी पाहिजेत,” संपदाने दुजोरा दिला.

“दहा!” केविन म्हणाला. “आणि तीसुद्धा पैलवान. जिमवाल्यांचं काम नाही हे.”

हितेशदादाच्या हातातला पाईप भलतीकडेच पाणी उडवायला लागला. “जिमवाल्यांना काय धाड भरलीये?”

“तसं नाही दादा. पण तुझ्याने हलणार तरी का?”

“हलणार?” हितेशदादाने दंड फुगवला. “अरे, एकट्याने उपटलाय! पहारीने दोन दणके दिले, मिठी मारली आणि असा वर! पोरं बघत राहिली. खांद्यावर घेऊन नाचलोय त्याला!”

“कोणत्या गाण्यावर?” मागून आवाज आला.

लुईस सर हेल्मेट हातात घेऊन उभे होते. पाईप हितेशदादाच्या पायांवर पाणी ओतत राहिला.

“सर... ते... दुसऱ्या दिवशी पहाटे लावला ना परत! अंदाजाने. थोडं इकडेतिकडे झालं असेल. मला वाटलं, खांबच तो, दोन बोटांनी काय होतंय?”

“माझं नाव कटलं, दादा,” जिजा हळूच म्हणाली. “दोन बोटांनी ते झालं.”

हितेशदादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरच्या निळ्या डागाकडे. त्याने नळ बंद केला आणि पहार आणायला घराकडे धावला.

सरांनी टेप आणून मापलं. खांब एक वीतभर आत आला होता! केविनने वेढ्याची हकीकत स्वतःहून सांगितली, ही त्याची हुशारी, कारण सरांचे डोळे दोरीकडे वळलेच होते. खांब जागेवर गेला. हितेशदादाने घामाघूम होत माती ठोकली, आणि या वेळी सरांनी बोट दाखवलं तिथे, तसूभरही इकडेतिकडे नाही.

“खो!”

जिजा उठली, सुटली, झेपावली. डाव्या हातात खांब, उजव्या हाताची बोटं पळणाऱ्या मुलीच्या पाठीवर! असा सूर की हितेशदादाने पहार टाकून शिट्टी मारली.

मग संपदाने सूर मारला. बोटं मातीत. खांब अजून पुढेच होता.

सर तिच्याजवळ येऊन बसले. तिच्या कोपराला लागलेली माती त्यांनी आपल्या रुमालाने झटकली.

“खांब सरकलाय, हे आधी कुणी ओळखलं?”

“संपदाने!” जिजा आणि केविन एका दमात म्हणाले.

“आणि जागेवर गेला की तुझं नाव जाणार, हे माहीत होतं?”

“हो सर.”

“मग?”

“ती वीत माझी नव्हती ना, सर.”

लुईस सर जिजाला जवळ बोलावून म्हणाले, “चूक माझी झाली, पोरी. मी तुझ्याकडेच बघत राहिलो. खांबाकडे एकदा बघायला हवं होतं.” सर चूक कबूल करतात, हे त्या मैदानाने पहिल्यांदाच ऐकलं असेल! आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “बावीस वर्षं मी पोरांना पळायला शिकवतोय. पळता पुष्कळांना येतं. हिने आज केलं ते मी शिकवलेलं नाही. हिच्याकडून तुम्हीही शिका, मीही शिकतो.”

घरी बाबांना सांगणं त्याहून अवघड होतं. “बाबा, रजा नका टाकू. मी खेळत नाहीये.” आणि मग सगळी हकीकत. बाबांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मोबाईल वाजत होता, तो त्यांनी उचललाही नाही.

“रजा मंजूर झालीये,” ते म्हणाले. “मी येणारच.”

रविवारी मैदानाच्या कडेला ही गर्दी! चांदीपची, कामणची, एव्हरशाईनच्या इमारतींमधली माणसं एकाच दोरीला धरून उभी. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूही आल्या होत्या आणि संपदाच्या आईशी चक्क बोलत होत्या. जिजाचे बाबा, रामूकाका, ‘जरा बघून जातो’ म्हणून टोकाला उभे होते. शेजारी उभे होते संपदाचे बाबा. दोघांची ओळख नव्हती.

शेवटची काही सेकंदं उरली. एक गडी बाद झाला तर आपण जिंकणार! बाकावर संपदा उभीच राहिली होती. “जिजा! खांबाकडे येतेय ती! सोडू नको!” तिचा घसा बसला होता, तरी आवाज मैदानाच्या पार जात होता.

जिजा झेपावली. टिपलं!

एकच गिल्ला झाला. हितेशदादाने केविनला खांद्यावर घेतलं, आणि सर ओरडले, “खबरदार, खांबाला हात लावाल तर!”

रामूकाकांनी शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड घट्ट धरला.

“बगितलीत? बगितलीत ना? माजी पोरगी हाय ती! तिला आता कोन थांबवतोय, बगतोच मी!”

“बघितली ना! काय उडी मारली हो!” संपदाच्या बाबांचेही डोळे भरून आले होते. त्यांनी बाकाकडे बोट दाखवलं. “आणि ती तिकडे नाचतेय ना, घसा बसलेली? ती माझी.”