ओला बिल्ला

लॉजच्या वहीत ताईने "सुट्टी" असं कारण लिहिलं होतं. उत्तरेच्या टोकाला असलेलं ते लहानसं बंदराचं शहर. लोक इथे आठवडाभर खोली घेतात आणि रोज सकाळी कडे, खाडी, पक्षी बघायला बाहेर पडतात. तिचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी असाच आला होता. पक्ष्यांच्या बेटावर गेला, तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

पर्यटन कचेरीचं पत्र मात्र म्हणत होतं, "ते सुखरूप परतले. त्यांचा बिल्ला फळीवर आहे."

त्या एका ओळीने ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तीस वर्षं बातमीदारी केलेली बाई ती, कचेऱ्यांची भाषा कोळून प्यायलेली.

आज ती त्याच कचेरीत उभी होती. किनाऱ्यावरची पत्र्याची खोली, भिंतीवर फळी, फळीवर वीस खुंट्या आणि वीस पितळी बिल्ले. ओहोटीला बेटावर चालत जाता येतं. जाताना एक बिल्ला न्यायचा, आल्यावर आपल्या हाताने लावायचा. भरती चढू लागली की, आज चार वाजता, कारकून फळीकडे बघतो. खुंटी रिकामी असेल तर भोंगा वाजतो, होडी निघते. सगळ्या भरलेल्या असतील तर शटर खाली.

"म्हणजे माणसं कोणी मोजतच नाही?"

"बिल्ले मोजतो ना, ताई," कारकून म्हणाला. "हा तुमचा बारा नंबर. हरवू नका, दंड आहे."

"आणि माणूस हरवला तर?"

कारकून पेन शोधू लागला.

धाकट्याचा सात नंबर अजून तिथेच होता, दोरीने खुंटीला घट्ट बांधलेला. "गाठ सुटतच नाही, म्हणून तो कोणाला देत नाही," कारकून म्हणाला. ताईने गाठ ओळखली. तीन फेऱ्यांची, उलटी. लहानपणी धाकटा तिच्या दप्तराला ती मारून पळायचा आणि ती दातांनी सोडत बसायची. म्हणजे तो खरंच आला होता? मग गेला कुठे?

तिने बारा नंबर कोटाच्या आतल्या खिशात टाकून बटण लावलं.

सोबतीला लॉजमधल्या शेजारच्या खोलीतले निवृत्त मास्तर होते, अकरा नंबर घेतलेले. बेटावरून परतताना धुकं उतरलं. चिखलाचा, कुजलेल्या शेवाळाचा वास दाटला. पक्षी एकाएकी गप्प झाले.

"तुम्ही व्हा पुढे," मास्तर खडकावर टेकले. "या गुडघ्यांना शाळेपासून सुट्टी मिळाली नाही. आलोच."

थोडं चालून तिने मागे पाहिलं. मास्तरांपाशी कोणीतरी उभं होतं. सडपातळ, मान किंचित कललेली. असेल कोणी वाटसरू. बरं झालं, सोबत मिळाली.

ती कचेरीच्या दारातल्या बाकावर त्यांची वाट बघत बसली. चार वाजले. दारातून कोणी आत गेलं नाही.

"वीसच्या वीस," कारकून शटरला हात घालत म्हणाला.

"अहो, मास्तर यायचेत!"

"आले की. अकरा नंबर बघा."

अकरा नंबर खुंटीवर होता. त्यातून पाणी ठिबकत होतं. आणि दोरीला... तीन फेऱ्यांची गाठ. उलटी.

ताईचा आवाज चढला. "भोंगा वाजवा."

"खुंटी रिकामी नसताना? नियम आहे, बाई."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात ना? पितळ मोजलंत आणि माझ्या भावाला बुडू दिलंत!"

ती स्टुलावर चढली आणि गाठ दातांत धरली. तोंडात खारट पाणी आलं, वाळू आली. गाठ कशी सोडायची हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. बिल्ला तिने टेबलावर आपटला.

"झाली रिकामी. वाजवा आता!"

नियम तो नियम. भोंगा वाजला.

अर्ध्या तासाने होडीतून मास्तर आले, छातीपर्यंत भिजलेले, ओठ निळे. ताईने आपल्या फ्लास्कातला चहा त्यांच्या तोंडाला लावला.

"एक मुलगा भेटला..." ते कापत म्हणाले. "फार मायेने बोलला हो. म्हणाला, बसा निवांत. बिल्ला द्या, मी लावतो. कोणी शोधायला येणार नाही..."

कारकुनाने अकरा नंबर पुसून खुंटीला लावला आणि सवयीने मोजलं. "वीसच्या वीस. चला, बाई."

ताई उठली. आणि तिला आठवलं, तिने आपला बिल्ला अजून लावलेलाच नव्हता.

तिने कोटाचं बटण चाचपलं. लावलेलंच होतं. आतला खिसा ओला होता, तळाशी वाळू होती.

फळीवरच्या बारा नंबरमधून पाणी ठिबकत होतं.