धोंड्याच्या भागात हसणारी बाई

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर हसून सोडून द्या...

फक्त वाचून झाल्यावर तो भाग शोधत बसू नका. एवढंच सांगणं आहे.

भुताच्या गोष्टीला अमावस्या लागते, पिंपळ लागतो, रात्र लागते. इथं यातलं काहीच नव्हतं. बुलढाण्याकडच्या चिखलीतलं साधं स्लॅबचं घर. भर दुपार. साल दोन हजार तेवीस, अधिक श्रावण चाललेला. म्हणजे आपला धोंड्याचा महिना, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचा.

त्या घरात रेवती राहते. नवरा आल्हाद शाळेत मास्तर. मुलगी भार्गवी पुण्याला इंजिनिअरिंगला, होस्टेलवर. आणि सासरे अनंतराव, सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. सासूबाई शरयूताई आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

त्या गेल्यापासून अनंतराव घुम्यासारखे बसून असायचे. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. त्यांचं मन कशात तरी रमावं म्हणून रेवतीनेच माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली काढली.

तिथंच चुकलं, असं ती आज म्हणते.

नव्वदच्या आसपास टीव्हीवर ‘बिऱ्हाड बाजलं’ नावाची विनोदी मालिका लागायची. गल्लीत टीव्ही एकच, अनंतरावांचा. चित्रात मुंग्या जास्त आणि माणसं कमी. व्हीसीआर घ्यायची ऐपत कुणाची? मग अनंतराव टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि आवाज भरून घ्यायचे. त्या वेळात घराला कर्फ्यू लागायचा. कुणी खोकायचं नाही. कुकर लावायचा नाही. आणि काही झालं तरी हसायचं नाही. शरयूताई बिचाऱ्या तोंडात पदराचा बोळा कोंबून बसायच्या.

विनोदी मालिका, आणि घर मयताला बसल्यासारखं गप्प. आहे की नाही गंमत?

त्यातला एक भाग धोंड्याच्या जेवणाचा. जावई चुकून शेजारच्या बिऱ्हाडात जेवायला बसतो, आणि खरी सासू दारात येऊन उभी राहते. कुणीच बोलत नाही. जावई खातोय, दोन्ही सासवा बघतायत, नुसता ताटवाटीचा आवाज. मालिकेचे बाकीचे भाग इथंतिथं मिळतात. हा एक कुणाकडेच नव्हता. अनंतरावांच्या कॅसेटमध्ये होता.

आल्हादने तो आवाज मोबाइलमध्ये घेतला, एक फोटो चिकटवला आणि यूट्यूबवर टाकला. आठवडाभर काही नाही. मग कुणीतरी मालिकेच्या चाहत्यांच्या ग्रुपवर दिला, आणि खाली लोकांच्या प्रतिक्रिया धो धो सुरू झाल्या.

“डोळ्यांत पाणी आलं. आमच्या चाळीत चाळीस माणसं बसून पाहिलेला भाग!”

“एवढा काही ग्रेट नाही. सासऱ्याचं काम करणाऱ्याने अति केलंय.”

“ज्यांना हा भाग आवडत नाही त्यांनी कृपया उपाशी झोपावं.”

अनंतराव चष्मा लावून एकेक वाचायचे आणि गालातल्या गालात हसायचे. घरात किती दिवसांनी जीव आल्यासारखा वाटला. रेवतीला बरं वाटलं.

मग एक प्रतिक्रिया आली...

“भाग ठीकठाक. पण मागे ज्या बाई हसतायत ना, त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा ऐकतोय.”

“कोणती बाई?” अनंतराव म्हणाले. “कोणी नव्हतं हसलं. मी हसूच दिलं नाही.”

मालिकेतही मागून हसण्याचा आवाज टाकलेला नव्हता. रेवतीने हेडफोन लावून पूर्ण भाग ऐकला. जावई जेवत होता. ताटवाटी वाजत होती. बाकी काही नाही.

“लोकायले कामं नाहीत बाबा,” आल्हाद म्हणाला. “कायबी लिहितात.”

पण दुसऱ्या दिवशी आणखी तिघांनी तेच लिहिलं. मग दहा जणांनी. एक ठाण्याचा, एक सोलापूरचा, एक बाई कॅनडातली. कुणाची कुणाशी ओळख ना पाळख.

“सगळं शांत झाल्यावर ती हसते. जरा उशिराच. विनोद उशिरा कळल्यासारखी.”

“हसून हसून शेवटी तिला उचकी लागते. किती गोड!”

उचकी...

अनंतरावांचं बोट मोबाइलवरच थांबलं. शरयूताईंना विनोद उशिरा कळायचा. हसायला लागल्या की थांबायच्या नाहीत, आणि शेवटी हटकून उचकी लागायची. मग रेवतीच पाण्याचा तांब्या घेऊन धावायची.

हे कॅनडातल्या बाईला कुणी सांगितलं?

शेजारच्या कौशल्याबाई दुपारी शेतातली मेथी द्यायला आल्या. त्याही तेव्हा टीव्ही पाहायला यायच्या. रेवतीने त्यांना काही न सांगता भाग लावला. मोबाइलचा आवाज मोठा केला. खोलीत चौघं, कारण आल्हादही होता.

जावई जेवायला बसला. सासू दारात आली. सगळं शांत झालं.

आणि कौशल्याबाई हसायला लागल्या.

आधी हळू, मग मोकळ्या. समोर कुणाच्या तरी हसण्याला साथ द्यावी तशा. मध्ये थांबायच्या, ऐकायच्या, पुन्हा हसायच्या. खोलीत मात्र ताटवाटीशिवाय आवाज नव्हता...

“शरयूताईच हायेत ना ह्या! माय वं, किती दिसानं ऐकलं हे हासनं,” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. मग तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. “काऊन? तुमाले नाही का येत ऐकू?”

आल्हादने मोबाइल बंद केला.

मेथीची जुडी तशीच खाली ठेवून कौशल्याबाई उठल्या. जाताना उंबऱ्यावर त्यांना ठेच लागली, तरी मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर कळायला वेळ लागला नाही. परक्यांना ऐकू येत होतं, घरच्यांना नाही. दूधवाल्याला आलं. आल्हादच्या शाळेतल्या मास्तरांना आलं. भार्गवी राखीला घरी आली, तिनेही कानाला लावून पाहिलं. “आई, काहीच नाहीये गं,” म्हणाली.

भीती वाटायला हवी होती. अनंतरावांना मात्र भलतंच दुःख.

“साऱ्या दुनियेले ऐकू येऊन राह्यलं,” ते म्हणायचे, “मलेच काऊन नाही? माही बायको होती ना ते?”

बुलढाण्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत. घरी आले आणि पुन्हा मोबाइल कानाला. दुपारचं जेवण झालं की खुर्चीत बसायचे आणि तोच भाग लावायचे. ऐकून ऐकून कान लाल व्हायचा. शेवटी तर ते खाली लोकांना लिहायला लागले. एकेक अक्षर शोधत.

“कृपया सांगा, ती कशी हसते?”

लोकही भले. कळवायचे.

“मोकळी हसते काका. सुखात आहे असं वाटतं.”

नवऱ्याला आपल्या बायकोचं हसणं अनोळखी माणसांना विचारावं लागतं, याहून लाचारी ती काय? रेवती स्वयंपाकघरातून बघायची आणि पदर डोळ्याला लावायची. मोबाइल काढून घ्यावा तर ते लहान पोरासारखे रडवेले व्हायचे. देवळातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, “ऐकवा बरं.” त्यांनी ऐकलं, मोबाइल परत दिला आणि त्या दिवसापासून या गल्लीने येणं सोडलं.

नवरात्राच्या तोंडावर आणखी एक प्रतिक्रिया आली.

“मी हा भाग पूर्वीही ऐकलाय, पण तेव्हा हे नव्हतं. शेवटी ती बाई काहीतरी विचारते. ‘झालं का? आता हसू?’ असं ऐकू येतं. कुणाला विचारते?”

अनंतरावांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. आणि हुंदका दिला.

रेवतीला काही कळेना. मग त्यांनीच सांगितलं. भाग संपला, टेपचं बटण खट्कन वर आलं, की शरयूताई तोंडातला पदर काढून दर वेळी हेच विचारायच्या. बटण बंद झाल्यावर. म्हणजे कॅसेटमध्ये ते येणार कुठून?

त्यांनी मोबाइल तोंडाशी धरला.

“हास,” ते म्हणाले. “हास वं आता. कोणी नाही म्हनत तुले.”

“बाबा, नका ना असं बोलू,” रेवती म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीतून त्या भागाचा ओळखीचा आवाज येत होता. जावई जेवायला बसला... सासू दारात आली... सगळं शांत झालं...

आणि अनंतराव हसले.

मोठ्याने. पोट धरून. शरयूताई गेल्यापासून पहिल्यांदा.

“रेवती! आलं! आलं ऐकू!”

ती राखेच्या हातानेच धावली. त्यांचा चेहरा उजळलेला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. “आयक, आयक,” म्हणत त्यांनी मोबाइल तिच्या कानाला लावला.

ताटवाटीचा आवाज.

बस.

“हो बाबा,” ती खोटं बोलली. दुसरं काय बोलणार होती?

ते पुन्हा हसत बसले. मध्येच थांबून ऐकायचे, मान डोलवायचे, हसायचे. जोडीने मालिका बघत बसल्यासारखे. रेवती चहा टाकायला आत गेली. आधण येईपर्यंत हसणं ऐकू येत होतं. मग नाही.

चहा घेऊन आली तर ते खुर्चीत तसेच होते, ओठांवर हसू, मोबाइल मांडीवर. हात लावला तर मान कलली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. वय झालं होतं, सुखाचं मरण आलं. येणारा जाणारा हेच म्हणत होता. रेवती मान हलवत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. घरच्या माणसाला ऐकू आलं की...

तेरावा झाला. खाली प्रतिक्रिया येतच होत्या.

“आता दोघं हसतात! एक बाई आणि एक म्हातारेबुवा. हे पूर्वी होतं का?”

आल्हादने त्याच क्षणी तो भाग यूट्यूबवरून काढून टाकला. कॅसेट चुलीत जाळली. रेवतीने सुटकेचा निःश्वास सोडला.

पण एकदा इंटरनेटवर गेलेली गोष्ट परत येते होय? चार जणांनी उतरवून घेतलेला होता. त्यांनी आपापल्या नावाने टाकला. ‘हसणाऱ्या बाईचा भाग’ म्हणून तो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला. आल्हाद एकेकाला हात जोडून लिहायचा, काढा म्हणून. एक काढायचा, पाच टाकायचे. काही जण तर त्यालाच शिव्या घालायचे, लोकांच्या आनंदात खडा टाकतो म्हणून. शेवटी त्यानेही हात टेकले.

दिवाळी झाली. भार्गवी येऊन परत पुण्याला गेली. रेवतीने तिला बजावलं होतं, तो भाग कुठे दिसला तर लावायचा नाही. “बरं आई,” ती म्हणाली होती, मुली म्हणतात तसं.

एका दुपारी तिचा फोन आला.

“आई, रागावू नकोस हं. होस्टेलच्या ग्रुपवर आला होता. मुलींनी लावला.”

रेवतीने भिंत धरली.

“आई, आजी गं! अगदी आजीच. आणि आजोबापण आहेत. किती मस्त हसतात दोघं...”

पुढचं रेवतीला ऐकूच आलं नाही. आल्हाद शाळा सोडून तसाच गाडी काढून गेला आणि पहाटे पोरीला घरी घेऊन आला. सगळ्या तपासण्या केल्या. काही नाही. पोरगी धडधाकट. दोन वेळ जेवते, मैत्रिणींशी बोलते, कॉलेज बुडतंय म्हणून आईबापांवर चिडते.

“तशी ते आता बाहेर राह्यते ना,” कौशल्याबाई समजूत घालतात. “परक्यावानीच झाली. म्हनून आलं असंन ऐकू. तू नको घोर लावून घेऊ वं माय.”

असेलही. रेवती ते वाक्य दिवसातून कितीदा तरी मनाशी म्हणते. पण दिवाळीत भार्गवी अंगणात रांगोळी काढत होती, तिच्या कपाटात तिचे लहानपणीचे फ्रॉक अजून आहेत. तिला परकी कशी म्हणायची? आणि म्हटलं नाही, तर मग...

शेवटी एका सोमवारी भार्गवी गेलीच पुण्याला. परीक्षा होती. किती दिवस कोंडून ठेवणार? एसटीच्या खिडकीतून तिने हात हलवला तेव्हा रेवतीला तिला खाली ओढून घ्यावंसं वाटलं. घेतलं नाही.

आता दुपारची भांडी झाली की रेवती दाराला कडी लावते. मोबाइलवर तोच भाग शोधते. हेडफोन लावते आणि डोळे मिटून हात जोडते. “ऐकू यायचंच असेल तर आधी मला येऊ द्या,” म्हणते. “पोरीला सोडा. मी येते.”

जावई जेवायला बसतो. सासू दारात येते. सगळं शांत होतं.

ती जीव कानात आणून ऐकते. भाग संपला की पुन्हा लावते.

तिला अजूनही काहीच ऐकू येत नाही.